सतरा नंबरच्या पिंजऱ्यातला आवाज

म्बाह कासिरूनचा, म्हणजे आमच्या कासिरून आजोबांचा, उजवा कान गेलाय, हे सगळ्या क्लातेन गावात दोघांनाच माहीत होतं. एक ते स्वतः आणि दुसरा मी. मला कळलं ते एका खोडीमुळं.

माझं काम बाजारासमोर मोटारसायकली लावून घ्यायचं. गळ्यात शिट्टी, डोक्यावर ऊन, आणि गर्दी ओसरली की डोक्यात किडा वळवळतो. त्या दिवशी म्बाह डाव्या कानात तेलाचा बोळा घालून बाकावर कॉफी पीत बसले होते. मी मागून मांजरासारखा गेलो, त्यांच्या उजव्या कानापाशी शिट्टी धरली आणि अशी फुंकली की पलीकडच्या टोपलीतल्या कोंबड्या ओरडायला लागल्या. म्बाहनी एक घोट घेतला. ग्लासात फुंकर मारली. अजून एक घोट घेतला.

"म्बाह?" मी पुढं येऊन म्हटलं.

"अरे, मिन! कधी आलास?"

खोडी वाया गेली की मला हळहळ वाटते. त्या दिवशी मी गळ्यातली शिट्टी सदऱ्यात लपवली. कारण म्बाह म्हणजे आमच्या पक्षीसंघाचे पंच. गेली एकेचाळीस वर्षं.

आमच्या बाजाराचे वार पाच. त्यातला लेगी रविवारी आला, म्हणजे दर पस्तीस दिवसांनी, उसाच्या गोदामामागच्या मैदानात मुराई या गाणाऱ्या पक्ष्यांची स्पर्धा भरते. चोवीस पिंजरे हुकांना टांगायचे. मालकांनी दोरीबाहेर उकिडवं बसायचं, आणि तोंड बंद. बाकीच्या गावांत मालक आपापल्या पक्ष्याच्या नावानं गळे काढतात, आमच्याकडं खोकला आला तरी उठून लांब जावं लागतं. वीस मिनिटं फक्त पक्षी बोलणार. खाली म्बाह एकटे फिरणार, हातात लाल झेंड्यांची जुडी. गाणं पटलं की पिंजऱ्याखालच्या नळीत एक झेंडी खोचायची. ज्याच्या झेंड्या जास्त, तो पहिला. झेंडी देण्याआधी म्बाहची डावी मिशी एकदा उडायची. मालक पक्ष्याकडं बघायचेच नाहीत, सगळे मिशीकडं.

"कुणाला सांगू नकोस, मिन," म्बाह त्या दिवशी म्हणाले. "घरी मी नुसता म्हातारा आहे. म्हातारी म्हणते, पाय वर घे, झाडायचंय. मैदानात मात्र मी कासिरून असतो."

मी शपथ घेतली. मी शपथ घेतल्यावर लोक सहसा हसतात. म्बाह हसले नाहीत.

मग डबी आली.

संघाचे अध्यक्ष पाक प्रायित्नो, म्हणजे प्रायित्नोसाहेब, जिल्हा कचेरीतून निवृत्त झालेले. प्रत्येक वाक्य असं बोलतात की शेवटी शिक्का मारल्याचा आवाज येतो. त्यांनी सगळ्यांना मैदानाच्या कडेच्या माझ्या बायकोच्या टपरीवर बोलावलं आणि जाहीर केलं, "यापुढं निकाल यंत्र देईल. यंत्राला मेहुणा नसतो. यंत्राला डुलकी लागत नाही." ठप्प.

डबी बनवली होती वेनिंगनं. आमच्याच गावची पोरगी, आता योग्या शहरातल्या कॉलेजात संगणक शिकवते. लहानपणी म्बाहच्या पक्ष्यांसाठी नाकतोडे धरून आणायची. म्बाहसमोर बसताना ती सारखी ओढणी नीट करत होती.

"म्बाह, अकरा वर्षांच्या स्पर्धांचे आवाज संघाकडं साठवलेत," ती म्हणाली. "आणि तुमचे निकालाचे कागद. मी दोन्ही तिला दिले. कुठल्या गाण्याला तुम्ही झेंडी दिली, कुठल्याला नाही, हे ती शिकली. म्हणजे तसं बघितलं तर ती तुमचीच शिष्य आहे."

"शिष्य?" मी मध्येच म्हटलं. "मग म्बाहचे पाय दाबायला लाव की तिला."

"तुम्ही गप्प बसा, लिक." लहानपणापासून ती मला लिक, म्हणजे काका म्हणते.

प्रायित्नोंनी अट सांगितली. येत्या रविवारी दोघंही निकाल देतील, म्बाह आणि डबी. जुळलं, तर त्यापुढं डबी पंच. म्बाहना एक बातिकचा शर्ट आणि मानपत्र.

म्बाह म्हणाले, "बरं." एवढंच. आणि नकळत डोकं थोडं उजवीकडं वळवलं, डावा कान पुढं यावा म्हणून. ते माझ्याशिवाय कुणी बघितलं नाही. एकदा मैदानात चोवीसच्या चोवीस निकाल शेजारी शेजारी मांडले गेले, की कुठं काय ऐकायचं राहिलं ते उघड पडणार होतं. खुर्ची तर जाणारच. वर लोक मागचे निकालही उकरणार.

मी वेनिंगला गाठलं. ती मोटारसायकल काढत होती, मी शिट्टी वाजवून तिला मुद्दाम थांबवलं.

"खरं सांग. त्या डबीला गाणं कळतं?"

"ती ऐकते, लिक. मग सांगते. कळतं का, ते मलाच माहीत नाही."

"बनवलीस तू, आणि तुलाच माहीत नाही?"

"म्बाहना कळतं हे तुम्ही कशावरून ठरवलं?"

"मिशीवरून!"

"डबीला मिशी लावून देऊ?" म्हणाली आणि गेली. पोरगी बोलण्यात बापावर गेलीय.

घरी आलो तेव्हा माझी बायको पाइनेम टेंपे, म्हणजे सोयाबीनच्या वड्या, कापत होती. "बुने," मी तिला नेहमीच्या हाकेनं म्हटलं, "त्या खोक्याला काय कळतंय गं?"

"तुला तरी काय कळतं?" ती मान वर न करता म्हणाली. "तरी पंचवीस वर्षं चालवून घेतेय ना मी?"

पण तोवर माझ्या डोक्यातला किडा उठून बसला होता.

मला मुराईची शिट्टी हुबेहूब येते. धंदाच शिट्टीचा, त्यात तीस वर्षं म्बाहच्या मागं मागं फिरलेलो. आणि घरी एक मुराई होता. त्या महिन्यात तो पिसं गाळत होता, आणि पिसं गाळणारा मुराई काही केल्या गात नाही, पिंजऱ्याच्या कोपऱ्यात रुसून बसतो. मी एक जुना मोबाईल घेतला, पिंजऱ्याच्या तळाच्या ट्रेखाली फडक्यात गुंडाळून चिकटवला. फोन आला की आपोआप उचलेल, अशी सोय करून घेतली. आता मैदानात पिंजरा टांगायचा, आपण टपरीच्या मागं बांबूच्या चटईआड बसायचं आणि फोनवरून गायचं. डबी मला झेंड्या देणार. मग मी बाहेर येणार, कमरेत वाकून मुजरा करणार, आणि सगळ्या क्लातेनसमोर डबीची वरात काढणार.

म्हातारा मला ओळखणार, याची मला खात्री होती. म्हणून त्यांना काही सांगितलं नाही. सांगून केलेली खोडी म्हणजे उकळून ठेवलेलं थंड पाणी.

रविवारी सतरा नंबर मिळाला.

प्रत्येक पिंजऱ्याजवळ वेनिंगनं बटणाएवढा माइक लावला होता. त्यांच्या तारा एका टेबलापर्यंत, टेबलावर डबी, जेवणाच्या डब्याएवढी, करड्या रंगाची. बघण्यासारखं त्यात काहीच नव्हतं. प्रायित्नोंनी घड्याळ बघितलं, हात खाली केला. मैदान गप्प झालं.

मी चटईआड बसलो. पुढ्यात पाइनेमची गरम टेंपेची भजी आणि हिरव्या मिरच्या, कारण रिकाम्या पोटी फसवणूक जमत नाही. चटईला एक भोक होतं, त्यातून मैदान दिसत होतं. फोन लावला. सतरा नंबरनं उचलला.

पहिली फेक, म्हणजे गाण्याची एक तान, मी साधीच टाकली. वरून खाली घरंगळत येणारी, शेवटी दोन टिचक्या. दुसरी जरा लांब. भोकातून बघतो तर म्बाह अजून लांबच होते, सहा नंबरपाशी. मी एक भजं तोंडात टाकलं, वर अख्खी मिरची. मग म्बाह हळूहळू चालत माझ्या पिंजऱ्याखाली आले. मान तिरकी, डावा कान वर.

मी तिसरी फेक सोडली. उतरत उतरत अगदी खाली आलो, आता शेवटच्या टिचक्या मारायच्या, आणि मिरचीनं दगा दिला. उचकी लागली. सूर मध्येच तुटला, हवेत एक भोक पडलं, आणि उचकीच्या धक्क्यानं आवाज एकदम वर उडाला. मी तो तसाच धरून ठेवला. काय करणार?

बोंबललं, असं वाटून मी भोकाला डोळा लावला.

म्बाह जागचे हलले नव्हते. डावी मिशी उडाली. त्यांनी एक झेंडी खोचली. थांबले. जुडीतून दुसरी काढली आणि तीही खोचली.

मला आनंद व्हायला हवा होता. पण मी हातातलं भजं ताटलीत परत ठेवलं. म्हाताऱ्यानं मला ओळखलं नाही? मी डबीसाठी खणलेल्या खड्ड्यात हेच पडले?

तेवढ्यात पाइनेम मागं वळली, ताटलीत बघितलं, आणि तिच्या नेहमीच्या, बाजाराच्या त्या टोकाला ऐकू जाणाऱ्या आवाजात मला हाक मारून म्हणाली, "पाकने, सगळ्या मिरच्या तू एकट्यानं खाल्ल्यास?"

सतरा नंबरच्या पिंजऱ्यातून, त्या शांत मैदानावर, शब्द न् शब्द स्पष्ट उमटला.

क्षणभर तेवीस पक्षी गप्प झाले. मग दोरीबाहेरचा एक मालक आडवा पडून हसायला लागला. त्याच्यामागून दुसरा. आमच्या संघात चाळीस वर्षांत पहिल्यांदा मैदानावर आवाज झाला, आणि तो माझ्या बायकोचा होता.

मला चटईआडून कॉलरला धरून बाहेर काढलं. ट्रेखालचा फोन निघाला. प्रायित्नोंनी डबीचा कागद मागवला आणि मोठ्यानं वाचला. "सतरा नंबर. शून्य. शेरा, आवाज पक्ष्याचा नाही." त्यांनी चष्म्यावरून म्बाहकडं बघितलं. "यंत्र फसलं नाही. फसलं कोण, ते दोन झेंड्या सांगतायत." ठप्प.

मला वाटलं, जमिनीनं मला पोटात घ्यावं, पिंजऱ्यासकट.

"फसलो नाही," म्बाह शांतपणे म्हणाले. "दुसऱ्या फेकीलाच कळलं, हा मिन आहे. नाकानं श्वास घेतो गाढव."

"कळलं होतं? मग झेंड्या कशा दिल्या?"

"नियम वाचा की. गाणं पटलं तर झेंडी द्यावी. गळा कुणाचा, ते कुठं लिहिलंय?"

"म्बाह, ही पक्ष्यांची स्पर्धा आहे!"

"मग त्याला पहिला नंबर देऊ नका. हाकलून द्या. वर्षभर मैदानात येऊ देऊ नका, मी सही करतो." माझ्याकडं न बघताच म्हणाले. "पण ती तिसरी फेक चांगली होती, हे मी मागं घेणार नाही. खाली येते तेव्हा वाटतं, संपली. आणि संपत नाही. एकेचाळीस वर्षांत असं ऐकलं नव्हतं."

मला राहवलं नाही. "म्बाह, ती उचकी होती. मिरचीची."

"असू दे. तुझ्या डोक्यातून आली असती तर इतकी चांगली नसती आली."

हशा पिकला. हवा जरा सैल झाली. मला वाटलं, सुटलो. तेव्हा वेनिंगनं दोन कागद शेजारी ठेवले.

"बावीस ठिकाणी दोघांचं जुळतंय," ती हळू आवाजात म्हणाली. "सतरा सोडला तर एकच फरक आहे. तेवीस नंबर. डबीनं तीन झेंड्या दिल्यात. म्बाहनी एकही नाही."

तेवीस नंबर शेवटच्या रांगेत, भिंतीकडं. त्या रांगेतून चालताना भिंत उजव्या हाताला येते.

"ऐकव," म्बाह म्हणाले.

तिनं टेबलावरून आवाज लावला. अगदी बारीक गाणं होतं, कापसात गुंडाळल्यासारखं, पण काय गोड! म्बाहनी मान वळवली, डावा कान टेबलाशी नेला. "परत." तिनं परत लावलं. तिसऱ्यांदा त्यांची मिशी उडाली.

मी पुढं झालो. माझ्याकडं तीन थापा तयार होत्या, वाऱ्याची, पाइनेमच्या ओरडण्याची आणि एक डासाची. म्बाहनी हात वर करून मला थांबवलं.

"हा पक्षी माझ्याकडून सुटला. डबीनं बरोबर धरला. माझा उजवा कान गेलाय. दोन पावसाळे झाले."

तेवीस नंबरचा पक्षी प्रायित्नोंचा होता. त्या माणसानं मनात आणलं असतं तर मागच्या दोन वर्षांचं सगळं तिथंच उकरून काढलं असतं. त्यांनी खुर्ची ओढून पुढं केली. "बसा, म्बाह," म्हणाले. शिक्का मारल्याचा आवाज आला नाही.

म्बाह बसले नाहीत. झेंड्यांची जुडी टेबलावर ठेवली, नीट, टोकं जुळवून. मग वेनिंगला म्हणाले, "डबीच्या कागदावर सतराला शून्य लिहिलंय. ते पूस. पक्षी नाही हे तिचं बरोबर आहे. पण ते तुटून वर जाणं चांगलं आहे, असं सांग तिला."

"का चांगलं, म्बाह? तिला कारण लागत नाही, मला लागतं."

"मला माहीत असतं तर तुझ्या कॉलेजात शिकवलं नसतं?"

तिनं लिहून घेतलं. म्बाह टोपी घालून घरी गेले. मी त्यांना मोटारसायकलवरून सोडतो म्हटलं, तर म्हणाले, "तू आज माझ्या डाव्या बाजूला येऊ नकोस." म्हणजे ऐकायचं नव्हतं त्यांना माझं काही.

मला वर्षाची बंदी झाली. टपरी दोरीबाहेर होती, त्यामुळं बघायला बंदी नव्हती. दर लेगीच्या रविवारी मी कढईजवळ बसून डबीचा कारभार बघायचो.

खोटं बोलणार नाही, काम चोख होतं. भिंतीकडचे पक्षी, हळू गाणारे पक्षी, ज्यांना कधी कुणी विचारलं नव्हतं त्यांना झेंड्या मिळायला लागल्या. भांडणं बंद. मिशीकडं बघायची सवय असलेले मालक पहिले दोन रविवार डबीकडं टक लावून बघत बसले, मग कंटाळून आपापल्या पक्ष्याकडं बघायला लागले. हेही चांगलंच झालं म्हणायचं.

फक्त एक गोष्ट झाली. माझी ती तिसरी फेक वेनिंगच्या साठवणीत होती, आणि आता तिला गुण होते. ही बातमी मालकांना कळायला कितीसा वेळ लागणार? मुराई म्हणजे ऐकेल ते उचलणारा पक्षी. शेजारच्या घरातला पंप वाजला तर पंपही म्हणून दाखवतो. लोकांनी माझी फेक मिळवली आणि पिल्लांच्या पिंजऱ्याशेजारी सकाळ-संध्याकाळ लावून ठेवली. तीन महिन्यांनी पहिला मुराई उचकी देत गायला. डबीनं त्याला झेंड्यांनी मढवलं. मी टपरीवर नाचलो.

"बघ, बुने! माझी उचकी! आता ती परंपरा झाली!"

"पाणी पी," पाइनेम म्हणाली.

पुढच्या खेपेला असे पाच पक्षी होते. मग अकरा. आठव्या महिन्यात चोवीसच्या चोवीस. प्रायित्नोंनी हात खाली केला की सगळं मैदान उचक्या द्यायला लागायचं. खाली, खाली, तुटलं, वर. खाली, खाली, तुटलं, वर. बाजूच्या भिंतीवर बसलेल्या चिमण्या उडून गेल्या. मला आधी गुदगुल्या झाल्या, मग जांभया यायला लागल्या. मालकांचीही तोंडं दुधी भोपळ्यासारखी झाली होती. पण बोलणार कोण? झेंड्या तर त्यालाच मिळत होत्या.

त्याच रविवारी म्बाह आले. म्हातारीनं घरातून हाकललं होतं, झाडायचं म्हणून. आठ महिन्यांनी पहिल्यांदाच माझ्या बाकावर बसले. डावी बाजू माझ्याकडं करून. मी कॉफी पुढं केली.

स्पर्धा सुरू झाली. पहिल्या पिंजऱ्यातून उचकी आली. म्बाहनी मान तिरकी केली, मिशी उडाली. दुसऱ्यातून आली. मिशी जरा हलली. तिसऱ्यातून आली, तेव्हा त्यांनी कॉफीत फुंकर मारली. चौथ्यातून आली आणि म्बाह उठले, दोरीखालून वाकून आत गेले, थेट टेबलापाशी.

"पुरे," म्हणाले.

मैदानात बोलायला बंदी, आणि बोलला कोण तर जुना पंच. प्रायित्नो उठून उभे राहिले. वेनिंगनं घाईघाईनं वीस मिनिटांचं घड्याळ थांबवलं. मीही दोरीला पोट टेकवून उभा राहिलो. बंदी पायांना होती, कानांना नव्हती.

"काय पुरे, म्बाह?"

"ते तुटून वर जाणं. आता त्याला झेंडी देऊ नका."

वेनिंगचं तोंड पडलं. "पण तुम्हीच सांगितलंत चांगलं आहे म्हणून! माझ्याकडं लिहून आहे, तारखेसकट."

"तेव्हा चांगलं होतं."

"गाणं तेच आहे."

"हो ना. तेच आहे."

मी बाहेरून म्हटलं, "वेनिंग, मला विचार. एकाच माणसाच्या खुर्चीवर मी दोनदा डिंक लावत नाही. दुसऱ्यांदा तो नुसता डिंक असतो."

"लिक, तुम्ही बंदीत आहात."

पण तिला काहीतरी लागलं होतं. पेन काढलं. "बरं, म्हणजे तिला कंटाळा शिकवायला हवा. त्यात काय आहे? एकच फेक वीसदा ऐकली की गुण कमी करत जायचे. आज बसून करते."

"वीसदा?" म्बाह म्हणाले. "मला चौथ्यालाच आला."

"मग चारदा."

"आणि म्हातारीची कॉफी मी लग्नापासून पितोय. रोज तीच. पाणचट. तिचा अजून आला नाही. तिथं कुठला आकडा लिहिणार?"

वेनिंगचं पेन कागदावर टेकलेलं राहिलं. तिथं शाईचा ठिपका मोठा मोठा होत गेला. दोरीबाहेर कुणीतरी हसलं, आणि मग मला जाणवलं की मालकांची तोंडं जरा जिवंत दिसतायत.

"तिलाही कळेल कधीतरी," वेनिंग शेवटी म्हणाली. जिद्दीची पोरगी. "मी सांगते ना, म्बाह. तुम्हाला कसं कळतं ते मला सापडलं की तिला कळेल."

"कळू दे की. मला काय दुःख आहे? सोबत मिळेल. दोघं मिळून कंटाळू."

प्रायित्नो इतका वेळ दोन्ही हात मागं बांधून उभे होते. त्यांच्याही पिंजऱ्यात उचकी देणारा पक्षी होता, तेवीस नंबरचाच. तो बारीक, कापसासारखं गाणारा. त्याचं जुनं गाणं कधीच गेलं होतं. ते त्या पिंजऱ्याकडं बघत म्हणाले, "मला रोज सकाळी अंगणात हेच ऐकावं लागतं, म्बाह. मीच शिकवलंय त्याला." मग घसा खाकरला. "पण तुमचा कान?"

"सगळं ऐकायला डबी आहे. भिंतीकडचंही ऐकते, माझ्यापेक्षा चांगलं. कंटाळा यायला एक कान पुरतो."

प्रायित्नोंनी टेबलाचा खण उघडला, जुडी काढली आणि म्बाहच्या हातात दिली. "स्पर्धा पुन्हा सुरू. वीस मिनिटं. डबी ऐकेल आणि मांडेल. झेंडी म्बाह देतील." ठप्प.

वेनिंगनं घड्याळ लावलं आणि वही घेऊन म्बाहच्या मागं चालायला लागली, उजव्या बाजूनं. कुठं काही सुटतंय असं डबीनं दाखवलं की ती त्यांच्या बाहीला हात लावायची, आणि म्बाह मान वळवायचे. मिशी हलली की ती लिहायची. नाही हलली की त्याहून जास्त लिहायची.

चोवीस पिंजरे झाले. म्बाहच्या हातात जुडी जशीच्या तशी. त्या रविवारी एकाही पक्ष्याला झेंडी मिळाली नाही, पहिला नंबर कुणाचाच नाही. संघात असं पहिल्यांदाच घडलं. मला वाटलं, आता मालक चिडणार. पण ते पिंजरे उतरवताना एकमेकांना विचारत होते, तुझ्याकडं जुनं काय शिल्लक आहे का रे? आणि एक जण म्हणाला, आपण घरी जाऊन पिंजरा नळाजवळ टांगणार, बघू तर काय उचलतो.

पाइनेम कढई उतरवत होती. "काय पाकने," ती म्हणाली, "तुझ्या परंपरेला शून्य मिळालं ना?"

"चोवीसदा," मी म्हटलं, आणि इतका हसलो की तिला मला पाणी द्यावं लागलं.